बॅक्स आणि बीसीएल-२ यांचे प्रमाण बदलले नाही, तरी पेशी मेल्या कशा?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हाला तपासता येईल. वनस्पतीच्या अर्कातून शुद्ध केलेले एक संयुग तुम्ही एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना २४ तास दिले. ॲनेक्सिनच्या चाचणीत (मरू लागलेल्या पेशींना चिकटणारे प्रथिन वापरून केलेल्या मोजणीत) पेशी मरताना दिसल्या, परंतु वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनांचे प्रमाण पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पेशीला मारणारे बॅक्स आणि तिला वाचवणारे बीसीएल-२ या दोन्ही प्रथिनांचे बँड नियंत्रण पेशींइतकेच आले आणि क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चा (पेशी मोडणाऱ्या कॅस्पेज-३ या एन्झाइमच्या तुटून सक्रिय झालेल्या रूपाचा) बँड तर दिसलाच नाही. गाइडचे म्हणणे असे पडले की बॅक्स आणि बीसीएल-२ यांचे गुणोत्तर वाढलेले नाही, तेव्हा याला ॲपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचा नियोजित मृत्यू, म्हणता येणार नाही. मग या पेशी मरतात कशाने आणि प्रबंधात काय लिहायचे, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्या संयुगाने पेशी ॲपॉप्टोसिसनेच मेल्या, असे मी इथे बसून सांगू शकत नाही. मात्रा किती होती, २४ तासांच्या आधी काय घडले, पेशी कितव्या पॅसेजच्या (किती वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या) होत्या, संयुग स्वतः रंगीत आहे का, अशा पुष्कळ गोष्टींवर ते अवलंबून आहे. परंतु तुमच्या ब्लॉटवरून ॲपॉप्टोसिस नाकारता येतो, हा निष्कर्ष मात्र टिकणारा नाही. तो का टिकत नाही हे समजले की पुढचे प्रयोग कोणते करायचे हे आपोआप कळेल.

कॅस्पेज-३ चा भाग लवकर संपतो, म्हणून तो आधी घेतो. एमसीएफ-७ पेशींमध्ये कॅस्पेज-३ मुळातच नसते. त्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधला ४७ बेसचा तुकडा गळालेला असल्यामुळे पूर्ण प्रथिन बनत नाही. १९९८ पासून हे प्रसिद्ध आहे. त्यामुळे या पेशी खऱ्याखुऱ्या ॲपॉप्टोसिसने मेल्या तरी क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ दिसणार नाही आणि तुटलेल्या डीएनएच्या तुकड्यांची नेहमीची शिडीही जेलवर उमटणार नाही. त्याऐवजी क्लीव्ह्ड कॅस्पेज-७ पाहा, कॅस्पेज-९ पाहा आणि कॅस्पेज ज्याला तोडतात त्या पार्प या प्रथिनाचा ८९ किलोडाल्टनचा तुकडा शोधा. पार्प तोडण्याचे काम कॅस्पेज-७ सुद्धा करते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेच्या भांडारातून आपल्याकडच्या असंख्य प्रयोगशाळांत पेशी जातात आणि त्यांत एमसीएफ-७ ची मागणी मोठी असते. असे असूनही ही एवढी साधी गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानावर घातली जात नाही, याचे मला नेहमीच नवल वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बॅक्स भागिले बीसीएल-२ हे गुणोत्तर आले कुठून? बीसीएल-२ हे जनुक १९८० च्या दशकात फॉलिक्युलर लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगात सापडले. त्यात १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदललेले असतात. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेतील डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवून दिले की हे जनुक पेशींचे विभाजन वाढवत नाही, ते पेशींना मरू देत नाही. कर्करोगाचे जनुक म्हणजे वाढ करणारे जनुक, असा समज त्या काळी पक्का होता, म्हणून हा शोध फार मोलाचा ठरला. पुढे १९९३ मध्ये स्टॅनली कॉर्समायर यांच्या प्रयोगशाळेला बीसीएल-२ ला चिकटून बाहेर येणारे एक प्रथिन मिळाले, ते बॅक्स. बॅक्स जास्त झाले की पेशी मरते आणि बीसीएल-२ जास्त झाले की तगते, असे त्यांनी मांडले. हे चित्र त्या वेळच्या पुराव्याला धरून होते. मात्र त्या प्रयोगांत पेशींमध्ये एखादे प्रथिन मुद्दाम भरमसाट बनवले जात असे आणि बीसीएल-२ सारख्या प्रथिनांच्या कुटुंबातील बाकीचे बहुतेक सदस्य तेव्हा ठाऊकही नव्हते.

आज या कुटुंबाचे तीन गट मानले जातात. पहिला रक्षकांचा: बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल, एमसीएल-१, बीसीएल-डब्ल्यू आणि ए-१. दुसरा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा, म्हणजे बॅक्स आणि बॅक. हे दोघे मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या पटलाला छिद्रे पाडतात. तिसरा गट खबर आणणाऱ्यांचा. बिम, प्यूमा, बिड, नोक्सा, बॅड आणि आणखी काही प्रथिने त्यात येतात आणि त्यांच्यात बीएच-३ नावाचा एकच छोटा सामाईक भाग असतो. डीएनए तुटला तर पी-५३ या पहारेकरी प्रथिनाच्या सांगण्यावरून प्यूमा आणि नोक्सा वाढतात. वाढीचे घटक मिळेनासे झाले की बिम वाढते. पेशीच्या पृष्ठभागावरच्या मृत्यू-ग्राहींकडून आदेश आला तर कॅस्पेज-८ बिडला तोडते आणि तो तुटलेला तुकडा मायटोकाँड्रियावर जाऊन बसतो.

रक्षक प्रथिनांच्या पृष्ठभागावर एक लांबट खाच असते आणि बीएच-३ हा भाग त्या खाचेत नेमका बसतो. बिम, प्यूमा आणि बिडचा तो तुकडा सगळ्याच रक्षकांना घट्ट धरतात. बॅडचे जमते ते बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि बीसीएल-डब्ल्यू यांच्याशी. नोक्साचे नाते प्रामुख्याने एमसीएल-१ आणि ए-१ यांच्याशी आहे. शिवाय सक्रिय झालेल्या बॅक्स आणि बॅकचा बीएच-३ भागसुद्धा याच खाचेत अडकवून ठेवला जातो. तेव्हा पेशी जगणार की मरणार हे पाहायचे असेल तर कोणत्या रक्षकाच्या खाचेत या क्षणी कोण बसले आहे आणि किती खाचा अजून रिकाम्या आहेत, हे पाहावे लागते. एसटीत आसने किती आहेत हे मोजून पुढच्या थांब्यावरच्या प्रवाशाला जागा मिळेल की नाही ते सांगता येत नाही. किती आसने आधीच भरली आहेत हे बघावे लागते. तुमचा वेस्टर्न ब्लॉट फक्त आसने मोजतो.

या म्हणण्याला आधार देणारे जे पुरावे आहेत, त्यांतले दोन मला सर्वांत पटणारे वाटतात. पहिला उंदरांचा आहे. बीसीएल-२ चे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्माला येतात, पण त्यांची मूत्रपिंडे द्रवाच्या पुटींनी भरून निकामी होतात, लिम्फोसाइट नाहीशा होत जातात आणि केस अकाली पांढरे पडतात. २००१ मध्ये असे दिसून आले की याच उंदरांतून बिमच्या जनुकाची एक जरी प्रत काढली, तरी मूत्रपिंडे वाचतात. रक्षक प्रथिन तर परत आणलेले नव्हतेच. ज्याला आवरण्यासाठी ते लागत होते ते प्रथिन तेवढे कमी केले होते. बीसीएल-२ चे प्रमाण म्हणून एखादा आकडा एकटाच पुढे ठेवला तर त्याला अर्थ का नसतो, हे या एका प्रयोगातून कळते.

दुसरा पुरावा औषधाचा आहे. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ च्या खाचेत शिरून बसते. क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया या रोगाच्या पेशींमध्ये बीसीएल-२ भरपूर असते आणि त्यातले बरेचसे आधीच बिमने व्यापलेले असते. औषधाने बिमला हुसकावून लावले की ते मोकळे होते, बॅक्स आणि बॅक कामाला लागतात आणि काही तासांत पेशी मरतात. हे घडण्यासाठी बॅक्सचा बँड जाड व्हावा लागत नाही आणि बीसीएल-२ चा पातळही व्हावा लागत नाही. पेशी इतक्या वेगाने फुटतात की त्यांतून बाहेर पडणाऱ्या पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्लाने रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणूनच या रोगात पहिल्या आठवड्यात दिवसाला २० मिलीग्रॅमने सुरुवात करून ५०, १००, २०० अशा पायऱ्यांनी पाचव्या आठवड्यात ४०० मिलीग्रॅमपर्यंत जातात. याआधीचे नॅव्हिटोक्लॅक्स बीसीएल-एक्सएललाही अडवत असे. रक्तातील प्लेटलेट किती दिवस जगायच्या ते बीसीएल-एक्सएलच्या भरवशावर ठरते, त्यामुळे त्या औषधाने प्लेटलेट झपाट्याने घटत. एकाच कुटुंबातील दोन सदस्य, रचनाही जवळजवळ सारखी. तरी कोणती पेशी कोणावर विसंबून आहे हे इतके वेगळे असते.

तुमच्या ब्लॉटमध्ये एमसीएल-१ नव्हते, असे मी धरून चालतो आहे. हे प्रथिन फार अल्पायुषी आहे. पेशीने ते बनवणे थांबवले की थोड्याच वेळात, बहुधा तासाभराच्या आसपास, त्याचा साठा निम्म्यावर येतो. बीसीएल-२ आणि बॅक्स मात्र कितीतरी अधिक टिकाऊ आहेत. म्हणून एखाद्या संयुगाने आरएनए किंवा प्रथिने बनण्याच्या कामात अडथळा आणला, तर सगळ्यांत आधी एमसीएल-१ नाहीसे होते आणि बाकीचे बँड जिथल्या तिथे राहतात. वनस्पतिज संयुगांत असे प्रत्यक्ष घडलेले आहे. सह्याद्रीतही आढळणाऱ्या डायसॉक्झायलम बायनेक्टारिफेरम या झाडात रोहितुकीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रचनेवरून फ्लॅव्होपिरिडॉल हे औषध घडवले गेले आणि त्या कामाची सुरुवात हेक्स्ट कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात झाली. हे औषध सीडीके-९ या एन्झाइमला रोखते, त्यामुळे नवे आरएनए बनणे मंदावते आणि एमसीएल-१ घसरते. त्याची तपासणी कोणी केवळ बॅक्स आणि बीसीएल-२ पाहून केली असती, तर हाती काहीच लागले नसते.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. एस-६३८४५ हे संयुग एमसीएल-१ च्या खाचेत बसते आणि त्याला निष्प्रभ करते; परंतु बसल्यावर त्या प्रथिनाचा नाश मंदावतो, त्यामुळे ब्लॉटवर एमसीएल-१ चा बँड चक्क वाढलेला दिसतो. पेशी मरत असतात आणि रक्षकाचा बँड गडद होत असतो. नोक्सा जोडले गेले तर एमसीएल-१ लवकर नष्ट होते, बिम जोडले गेले तर ते अधिक टिकते. तेव्हा एमसीएल-१ वाढले किंवा घटले एवढ्यावरूनही घाईने निष्कर्ष काढू नका.

बॅक्सच्या बाबतीत तर प्रमाणापेक्षा जागा महत्त्वाची आहे. निरोगी पेशीत बहुतेक बॅक्स पेशीद्रवात असते आणि त्याची शेपटी त्याच्याच खाचेत दुमडलेली असते. आदेश आला की शेपटी मोकळी होते, प्रथिन मायटोकाँड्रियावर जाऊन रुतते, आकार बदलते आणि इतर बॅक्स रेणूंशी जोडले जाते. संपूर्ण पेशीचे लायसेट (पेशी फोडून केलेले द्रावण) करून ब्लॉट केला तर या सगळ्या हालचालीनंतरही तो २१ किलोडाल्टनचा बँड तेवढाच दिसणार, कारण प्रथिन कुठे आहे हे तुम्ही पाहिलेलेच नाही. पेशीद्रव आणि मायटोकाँड्रिया वेगळे करून दोन्हींत बॅक्स पाहा आणि त्याच नमुन्यांत सायटोक्रोम-सी सुद्धा पाहा. मायटोकाँड्रियाला छिद्रे पडली की सायटोक्रोम-सी पेशीद्रवात येते, ॲपाफ-१ चे सात रेणू त्याच्यासह एकत्र येऊन चक्र बनवतात आणि त्या चक्रावर कॅस्पेज-९ जागे होते. त्याबरोबरच स्मॅक हे प्रथिनही बाहेर पडते आणि कॅस्पेजला दाबून ठेवणाऱ्या एक्सआयएपीला अडवते. एक्सआयएपी आणि त्याचे भाऊबंद हे वेगळे कुटुंब आहे. काही पेशींत शेवटचा अडसर तेच असतात, पण तुमच्या आजच्या प्रश्नासाठी त्यांच्या मागे लागण्याची गरज नाही.

इथवरचे थोडक्यात असे: कॅस्पेज-३ न दिसणे हा तुमच्या पेशींचा जन्मजात गुण आहे, तुमच्या संयुगाचा नव्हे, आणि बॅक्स व बीसीएल-२ यांचे प्रमाण न बदलणे हे ॲपॉप्टोसिसशी सुसंगतही आहे आणि त्याच्या अभावाशीही. म्हणजे त्यावरून कोणताच निकाल लागत नाही.

प्रयोगांचा क्रम मी असा ठेवेन. सर्वांत आधी ॲनेक्सिनची चाचणी खरी आहे ना, याची खात्री करा. माध्यमात तरंगणाऱ्या पेशी टाकून दिल्या तर मेलेल्यांतला मोठा वाटा तिथेच जातो, म्हणून त्या गोळा करून चिकटलेल्या पेशींबरोबर मिसळाव्यात. ॲनेक्सिनला चिकटण्यासाठी कॅल्शियम लागते आणि ट्रिप्सिनबरोबर येणारे ईडीटीए ते पकडून ठेवते, तेव्हा धुण्यात कसूर नको. संयुग दिलेल्या पण कोणताही रंग न लावलेल्या पेशींची एक नळी ठेवा. हळदीतील कर्क्युमिनसारखी संयुगे स्वतःच हिरव्या वाहिनीत चमकतात आणि ती चमक ॲनेक्सिनची म्हणून मोजली जाते. एमटीटीवर फार भिस्त ठेवू नका, कारण ती चाचणी चयापचय मोजते, शिवाय काही पॉलिफिनॉल पेशींशिवायही एमटीटीचा रंग बदलवतात.

त्यानंतर क्यूव्हीडी किंवा झेडव्हीएडी हा कॅस्पेजरोधक आधी देऊन मग संयुग द्या. ॲनेक्सिन लागलेल्या पेशी स्पष्टपणे घटल्या तर कॅस्पेजचा सहभाग सिद्ध होतो. मात्र काही दिवसांनी वसाहती मोजल्या तर त्या वाचलेल्या दिसतीलच असे नाही. मायटोकाँड्रिया एकदा फुटल्यावर कॅस्पेज रोखूनही पेशी बहुधा सावरत नाही. या दोन निकालांत विरोध आहे असे समजून गोंधळू नका.

तिसरी गोष्ट वेळेची. पेशी एकाच वेळी मरत नाहीत. एकट्या पेशीत सायटोक्रोम-सी काही मिनिटांत बाहेर पडते, पण कोणती पेशी हा टप्पा केव्हा ओलांडेल यात तासन्‌तासांचा फरक असतो. २४ तासांनी घेतलेला एकच नमुना म्हणजे मेलेल्या, मरणाऱ्या आणि ठणठणीत पेशींची खिचडी असते. २, ४, ८ आणि १६ तासांचे नमुने घ्या आणि त्यांत एमसीएल-१, बिम, प्यूमा व नोक्सा पाहा. एमसीएफ-७ मध्ये पी-५३ शाबूत असते, तेव्हा प्यूमा वाढलेले दिसले तर पी-५३ सुद्धा तपासा.

यानंतर कोण कोणाला धरून आहे हे पाहण्यासाठी को-इम्युनोप्रेसिपिटेशन (एक प्रथिन अँटिबॉडीने खेचून त्याला चिकटलेली प्रथिने पाहण्याची पद्धत) करता येईल, पण तिथे डिटर्जंटची (पेशीचे पटल विरघळवणाऱ्या द्रव्याची) निवड काळजीपूर्वक करा. ट्रायटन एक्स-१०० आणि एनपी-४० हे डिटर्जंट बॅक्सचा आकार स्वतःच बदलतात आणि निरोगी पेशींतही बॅक्स बीसीएल-२ ला किंवा बीसीएल-एक्सएलला चिकटलेले दाखवतात. १९९७ पासून हे माहीत असूनही अजून असे ब्लॉट छापून येतात. चॅप्स या डिटर्जंटने हा घोटाळा होत नाही. बॅक्सचे सक्रिय रूप ओळखणाऱ्या ६-ए-७ या अँटिबॉडीलाही हाच नियम लागू आहे. आणखी एक अडचण तुम्हाला पहिल्याच ब्लॉटमध्ये भेटेल. बिमचा मोठा प्रकार साधारण २३ किलोडाल्टनला येतो आणि खेचण्यासाठी वापरलेल्या अँटिबॉडीची हलकी साखळी २५ च्या आसपास येते. ती जाडजूड पट्टी बिमला झाकून टाकते. म्हणून खेचायची अँटिबॉडी एका प्राण्याची आणि ब्लॉटची दुसऱ्या प्राण्याची घ्यावी.

हे सर्व करूनही निर्णायक पुरावा एकच आहे, तो म्हणजे बॅक्स आणि बॅक दोन्ही काढून टाकलेल्या पेशी. एकट्या बॅक्सला काढून बहुधा काही सिद्ध होत नाही, कारण त्याच्या जागी बॅक काम निभावून नेते. दोन्ही नसलेल्या पेशींवर तुमच्या संयुगाचा परिणाम झाला नाही, तर मृत्यू मायटोकाँड्रियाच्या वाटेने होत होता हे ठामपणे म्हणता येईल. त्या पेशी तरीही तितक्याच मरत असतील, तर मार्ग दुसरा आहे आणि मग नेक्रोसिस, फेरोप्टोसिस अशा पेशीमृत्यूच्या इतर प्रकारांचा विचार करावा लागेल. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने अशा पेशी बनवणे आता कठीण राहिलेले नाही, आणि ज्या प्रयोगशाळांकडे त्या आहेत त्या विनंती केल्यास बहुतेक वेळा देतात.

प्रबंधाविषयी माझे मत असे की हाती असलेला बॅक्स आणि बीसीएल-२ चा ब्लॉट लपवू नका, पण गुणोत्तराचा स्तंभालेख मात्र बनवू नका. "या दोन प्रथिनांच्या एकूण प्रमाणात २४ तासांनी बदल आढळला नाही" असे एक वाक्य लिहून पुढे पार्प, कॅस्पेज-७, कॅस्पेजरोधक आणि सायटोक्रोम-सी यांचे निकाल मांडा. गाइडना पटवायचे असेल तर व्हेनेटोक्लॅक्सचे उदाहरण सांगण्यापेक्षा त्याच प्लेटमध्ये एस-६३८४५ आणि बीसीएल-एक्सएलरोधक यांचे मिश्रण दिलेल्या पेशींची एक रांग ठेवा. घन गाठींच्या पेशी बहुधा या दोन रक्षकांवर विसंबून असतात, त्यामुळे त्या मरतील अशी अपेक्षा आहे. मेल्या, तर त्यांचाही बॅक्स आणि बीसीएल-२ चा ब्लॉट तुमच्या नमुन्यांशेजारी लावा.

संयुगाचा रंग, वापरलेली मात्रा आणि लायसिस बफरमध्ये कोणता डिटर्जंट होता एवढे कळवलेत, तर कोणत्या प्रयोगापासून सुरुवात करावी हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.